शिळं कुणाच्या पानात?



महिला मंडळाच्या मागच्या बैठकीत आम्ही उरलेल्या अन्नाचा विषय काढला. घरोघर किती भात, किती भाकऱ्या वाया जातात आणि त्यांचे काय करता येईल यावर चार गोष्टी बोलाव्यात, इतकाच हेतू होता. पण सतरंजीवर पुढेच बसलेल्या एक आजी तडक म्हणाल्या, "बाय, शिळ्याचं नाव काढू नको. त्यातनं बाहेर पडायला आमची हयात गेली. आता पोरीबाळींना परत तेच शिकवतेस?" बैठक गप्प झाली. तरुण सुनांना आजींचा राग कळेना आणि आजींना सुनांचे हसू कळेना. त्या दोघींसाठी हा लेख आहे.

आजींचे म्हणणे खोटे नाही. गावकीची कामे करायची, निरोप पोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, आणि मोबदला म्हणून काय? संध्याकाळी दारोदार उभे राहून भाकर मागायची. पाळी असेल त्याने टोपले घेऊन जायचे आणि वरून पडतील ते तुकडे घेऊन यायचे. कुणाची सकाळची भाकर, कुणाचे आंबलेले कालवण. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' त्यानंतर आले. ज्या घरात ही दोन पुस्तके नसतील त्यांनी ती आणावीत. त्यांतली भूक वाचली की आजी का चिडल्या ते कुणी सांगावे लागणार नाही.

आणि हा लढा तर आपल्याच जिल्ह्यात उभा राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, रायगड हे नाव १९८१ साली आले. महाड म्हटले की आपण चवदार तळ्याचे पाणी आठवतो, आणि ते आठवावेच. पण महाड हा अन्नाचाही लढा होता, हे आम्हाला दरवर्षी २० मार्चच्या भाषणांत फारसे ऐकू येत नाही. त्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर जगणे सोडा, असे निक्षून सांगितले. परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळ्यावरून परतल्यावर मंडपात जेवणे चालू होती, तिथे गुंड घुसले, माणसांना मारले आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळले. मारायचेच होते तर माणसांना मारून भागले असते. अन्नावर हात का टाकला? कारण आपली माणसे मागून आणलेले तुकडे नव्हे, तर स्वतः रांधलेले जेवण पंगतीला बसून जेवत होती. हा आमचा तर्क आहे, पण आम्हाला तो खरा वाटतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मनुस्मृतीच्या दहनानंतर, बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे, दागिने कोणते टाकावेत, मुलींना शिकवावे, हे सांगितलेच. शिवाय मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका हेही सांगितले. म्हणजे चुलीपाशी बसणाऱ्या बाईवर त्यांनी मोठी जबाबदारी टाकली आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ती पार पाडली. पोटाला चिमटा घेऊन पार पाडली.

तेव्हा आम्ही आजींना एवढेच म्हणालो, की उष्टे, शिळे आणि उरलेले हे तीन शब्द एका टोपलीत टाकू नका. दुसऱ्याच्या ताटातले ते उष्टे. दुसऱ्याने नको म्हणून, आपल्या घामाच्या मोलाच्या जागी, आपल्या पदरात टाकलेले ते शिळे तुकडे. ते दोन्ही आपण टाकले आणि कायमचे टाकले. पण आपल्या पगारातून आणलेला तांदूळ, आपल्या टोपात शिजलेला आणि रात्री चार माणसांच्या जेवणानंतर राहिलेला भात, हा उरलेला भात. तो आपल्या कष्टाचा आहे. तो उकिरड्यावर फेकण्याने कोणाचा मान वाढतो? गावाने दिलेला तुकडा नाकारणे हा स्वाभिमान होता. स्वतः कमावलेला भात फेकणे ही नुसती उधळपट्टी झाली.

विनयपिटकातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी भन्ते आनंदांना पाचशे चीवरे दान दिली. राजाला शंका आली, एवढी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय दुकान मांडणार आहे? त्याने जाऊन विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? ती पांघरायला-अंथरायला. जुन्या अंथरुणांचे काय? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर घालायला. त्यानंतर पायपुसणी, मग धूळ झटकायची फडकी, आणि फडकी फाटली की ती कुटून मातीत मिसळायची आणि जमीन सारवायची. राजाचे समाधान झाले आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. गोधडी शिवणाऱ्या आपल्या बायकांना यात नवे काही नाही. जे चिंधीचे, तेच शिताचे.

आता हिशेब. आम्ही पडलो कारकून, हिशेबाशिवाय आमचे पान हलत नाही. रोज रात्री एक वाटी भात टाकला असे धरा. त्या वाटीत कच्चा तांदूळ साधारण पन्नास ग्रॅम. वर्षाचे झाले सव्वाअठरा किलो. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, म्हणजे एका माणसाचे साडेतीन महिन्यांहून जास्त रेशन आपण वाटी-वाटीने फेकले. दुकानात पन्नास रुपये किलोचा तांदूळ घेत असाल तर नऊशे रुपयांच्या वर गेले. त्यात मुलाच्या वह्या आणि दप्तर आले असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली अहवाल काढला. त्यात २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साठ टक्के घराघरांतून गेले असे म्हटले आहे. आपल्या देशातल्या घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो असा आहे. आमच्या वाडीत एवढे जात नसेल, पण शहाळ्याच्या करवंट्यांशेजारी टाकलेले भाताचे गोळे आम्ही रोज सकाळी बस गाठताना बघतो.

बरे, करायचे काय? आपल्या किनाऱ्यावर हे ज्ञान बाहेरून आणायची गरजच नाही. उरण, अलिबागपासून मुरूड, श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही घरात पावसाळ्याची बेगमी बघा. जवळा वाळवलेला, बोंबील वाळवलेले, सोडे बरणीत, आमसुले डब्यात, फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवलेल्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा हेच कालवण. ज्यांनी सुकटीच्या डब्याच्या तळाचा चुराही कधी फेकला नाही, तो भाजून लसूण-मिरचीबरोबर कुटून चटणी केली, त्यांच्या नातींनी काटकसर शिकायला टीव्हीकडे बघावे हे काही बरे नाही.

शिळ्या भाताचा फोडणीचा भात सगळ्यांना येतो. त्यात मूठभर जवळा भाजून, धुऊन, कांद्यावर परतून घाला. मग त्याला कोणी उरलेला म्हणणार नाही. मुले डब्यात मागून नेतात. दुसरे म्हणजे घावन. भात पाणी घालून वाटायचा, तांदळाच्या पिठात मिसळायचा, मीठ घालायचे आणि घावन घालायचे. पीठ कमी लागते आणि घावन मऊ होतात. भाकरीच्या पिठात मूठभर भात मळून घेतला तर भाकरीही दुपारपर्यंत मऊ राहते. नाहीतर आपली तांदळाची भाकरी, सकाळी मऊ आणि दुपारी पत्रा. अशी कडक झालेली भाकरी फेकू नका. पाण्याचा हबका मारून झाकण घालून तव्यावर ठेवा, नाहीतर सरळ मोडून तिच्यावर गरम कालवण ओता. ताक असेल तर कांदा-मिरचीची फोडणी करून ताकातली भाकरी करा. चपातीचा कुस्करा तर आहेच, गूळ-तूप मिळाले तर त्याचेच लाडू.

वरण किंवा डाळ उरली तर तिच्यात कणीक आणि कांदा-कोथिंबीर मळून पराठे लाटा, वेगळे पाणी घालायला नको. वालाचे बिरडे उरले तर बटाट्यात कुस्करून तव्यावर थापी भाजा. भाजीपाल्यात तर निम्मी भाजी आपण सालींबरोबर टाकतो. दुधीच्या आणि दोडक्याच्या सालींची तीळ घालून चटणी, माठाच्या देठांचे जवळा घालून कालवण, मुळ्याच्या पाल्याची डाळ घालून भाजी. आठळ्या उकडून नुसत्या मिठाबरोबर खाल्ल्या तरी चालतात.

मासळीच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे. कालवण दुसऱ्या दिवशीच खरे लागते. आमसूल मुरते, रस आटतो. पण ते रात्रभर ॲल्युमिनियमच्या टोपात ठेवू नका. आंबटाने भांडे खाल्ले जाते आणि ते पोटात जाते. स्टीलच्या नाहीतर मातीच्या भांड्यात काढा. तळलेली तुकडी उरली तर काटे काढून उकडलेल्या बटाट्यात मिसळून वड्या तळा. कोळंबी सोलल्यावर डोकी फेकणाऱ्यांनी एकदा ती स्वच्छ धुऊन, वाटून, गाळून त्या पाण्यात रस्सा करून बघावा. बाजारात कोळंबीचा भाव ऐकल्यावर हे आपोआप सुचायला हवे.

येथे एक सावधगिरीची गोष्ट, आणि ती हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी सकाळचे सकाळी आणि रात्रीचे रात्री संपत असे. आता कामावरून यायला उशीर, जेवणाच्या वेळा चार, आणि आपली हवा दमट. भातामध्ये बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजे असतात. ती शिजवूनही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर कोमट राहिला की ती वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा गरम केले तरी जात नाही. वासही येतोच असे नाही. म्हणून उरणार असे दिसले की भात टोपात झाकून ठेवू नका. परातीत पसरून लवकर थंड करा आणि तासाभरात फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी संपवा, वाफ येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच गरम करा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात मात्र टाकाच. तिथे काटकसर करून दवाखान्याचे बिल भरायचे नाही. बांगडा, कुपा अशी मासळी बाजारातून आणून उन्हात पिशवीत राहिली तर तिच्यात हिस्टामाइन तयार होते. तेही शिजवून जात नाही. अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, आणि आपण म्हणतो मासळी बाधली. लहान मुले, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे यांना शंकेचे काही देऊ नये.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी सरळ कमी रांधावे. एखादा भात पुन्हा टाकावा लागला तरी चालेल. आणि ज्यांच्याकडे फ्रीज आहे त्यांनी ३ जून २०२० विसरू नये. निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आले आणि मुरूड-श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. फ्रीज नुसते कपाट झाले. तेव्हा ज्यांच्या डब्यात सुकट होती आणि घरात डाळ-तांदूळ होता त्यांचे निभावले.

पाण्यात भिजवून सकाळी खायचा भात हा निराळा प्रकार आहे. तो आंबवलेला असतो, रात्रभर टोपात विसरलेला नसतो. आमच्या लहानपणी शेतावर जाणारी माणसे तो कांदा-मिठाबरोबर खाऊन जात. बंगालात त्याला पांता भात म्हणतात, ओडिशात पखाळ. आणि गंमत बघा, ओडिशातले लोक पखाळ दिवस पाळतात तो २० मार्चला. आपण त्या दिवशी महाडला असतो आणि तिथे ते लोक आपल्या साध्या भाताचा अभिमान मिरवत असतात. भात भिजवायचा तर जेवण झाल्याबरोबर, स्वच्छ भांड्यात आणि उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवा, सकाळीच संपवा, दुपारपर्यंत ठेवू नका.

एवढे सांगून झाल्यावर बैठकीत एक सून बोलली. ती बोलली नसती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ती म्हणाली, "ताई, तुम्ही सांगता ते आम्ही करतोच. आमच्या घरात शिळं वाया जातच नाही. ते मी खाते." तिच्या बोलण्यात तक्रारही नव्हती. सकाळी सगळ्यांना ताजी भाकरी, तिला रात्रीची. रात्री सगळ्यांना कालवणातली तुकडी, तिला रस. हात वर करायला सांगितले तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर आले, आणि त्यात नोकरी करणाऱ्याही होत्या.

बंधूंनो, हे तुमच्यासाठी आहे, पान उलटू नका. गावाने आपल्याला जे केले ते आपण आपल्याच घरातल्या बाईला करत असू, तर महाडचे नाव कोणत्या तोंडाने घ्यायचे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी चौपन्न जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या घरात बाई शेवटी आणि उरलेले जेवते तिथे तिच्या ताटात मासळी, अंडे, पालेभाजी किती येणार? आमचे म्हणणे साधे आहे. रात्रीचा भात उरला तर सकाळी त्याचा फोडणीचा भात करून सगळ्यांनी खावा. पुरुषाच्या पानातही आणि मुलाच्या पानातही. ताजी भाकरी चार असतील तर तिलाही त्यातली एक. उरलेले संपवणे हे घराचे काम आहे, सुनेचे नाही. सासूबाईंनीही हे मनावर घ्यावे. त्या कधीतरी सून होत्या.

दुसरा प्रश्न कार्यक्रमांचा. लग्न, पुण्यानुमोदन, चौदा एप्रिल, बुद्धपौर्णिमा. आपल्याकडे दोनशे माणसांना तीनशेंचे रांधतात. बाहेरचे लोक याला नावे ठेवतात, आम्ही ठेवणार नाही. ज्यांच्या आजोबांना लग्नातसुद्धा लोकांची पंगत उठेपर्यंत बाहेर उन्हात बसावे लागले, त्यांना आपल्या दारातून कोणी उपाशी जाऊ नये असे वाटणारच. तरीपण आचाऱ्याला आकडा सांगताना मुंबईकर मंडळी खरोखर किती येणार हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. भात दोन हप्त्यांत शिजवा, दुसरे आधण पहिली पंगत बसल्यावर ठेवा. वाढप्यांना सांगा, थोडे वाढा आणि पुन्हा विचारा. एवढ्याने आमच्या विहारात दोन टोप भात वाचला.

उरले तर? एका गावी कार्यक्रमानंतर संध्याकाळी पाच वाजता सकाळपासूनचा भात आणि आंबट वासाची डाळ टेम्पोत चढवत होते. कुठे नेता म्हणून विचारले, तर "कातकरवाडीवर देतो, खातील बिचारे." आमच्या बरोबरच्या एक उपासिका टेम्पोसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले, "हे तू तुझ्या पोराला वाढशील का?" टेम्पो उतरवला. आम्हाला ती बाई फार मोठी वाटली. शंभर वर्षांपूर्वी टोपले आपल्या हातात होते. आज आपण वरून टाकणाऱ्याच्या जागी उभे राहायचे काय?

द्यायचेच तर रीत आहे. २०१९ साली केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शिल्लक अन्न वाटण्याचे नियम केले आहेत. खाण्याजोगे, झाकलेले, योग्य तऱ्हेने ठेवलेले अन्नच द्यायचे. आपण त्याच्याही पुढे जाऊ. वाडीतल्या माणसांना आधीच आमंत्रण द्यावे आणि पहिल्या पंगतीला आपल्या शेजारी बसवावे. ते जमले नाही तर पहिली पंगत बसायच्या आधी एक टोप गरम गरम बाजूला काढून पाठवावा, आणि पाठवण्याआधी हवे आहे का हे विचारावे. ताटातले उरलेले कुणालाही देऊ नये. ते खतात टाकावे, परसातल्या नारळाला चालते.

आजींचे पुढे काय झाले असे विचाराल. त्या शेवटपर्यंत पटले असे म्हणाल्या नाहीत, आणि आम्हीही आग्रह धरला नाही. पण चहा घेताना त्यांनीच भाताच्या सांडग्यांचे प्रमाण सांगितले, ते बऱ्याच जणींनी लिहून मागितले म्हणून देत आहोत. दोन वाट्या भात, फ्रीजमध्ये ठेवलेला किंवा त्याच सकाळी रांधलेला. चार हिरव्या मिरच्या आणि एक चमचा जिरे वाटून, कोथिंबीर चिरून, मीठ हात राखून, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. भात चांगला मळायचा, स्वच्छ प्लॅस्टिकवर सुपारीएवढे बारीक सांडगे घालायचे, मोठे घातले तर आतून ओले राहतात. सकाळी दहाच्या आत उन्हात, संध्याकाळी घरात, असे तीन दिवस. मार्च-एप्रिलचे कडक ऊन पाहिजे, मे अखेरच्या ढगाळ हवेत हात घालू नये. मोडल्यावर कट्ट आवाज आला की डब्यात भरायचे आणि आषाढात तळायचे.